कौतुकाचा चव्हाटा

गेल्या श्रावणात आमच्या इमारतीतील एका बिऱ्हाडी बारसे होते. पाळणा फुलांनी सजला होता, घुगऱ्यांचा वास दरवळत होता आणि बाळाच्या पणजीबाई थरथरत्या बोटाने बाळाच्या गालावर काजळाची तीट लावीत होत्या. कुणाची दृष्ट लागू नये, एवढाच त्यांचा हेतू. पाचच मिनिटांनी आत्याबाईंनी मोबाईलवर फोटो काढला, तो काळा ठिपका फोटोतून सफाईने पुसून टाकला आणि बाळाचे नाव, जन्मतारीख, वजन अशा सर्व तपशिलासह तो इन्स्टाग्रामवर चढविला. मग त्या पाळण्याशी वाकल्या आणि त्यांनी बाळाच्या कानात 'कुर्रर्र' केले. ज्याचे नाव, त्याला ते सर्वांत शेवटी कळले!

दृष्ट लागण्यावर माझा विश्वास नाही. पण पणजीबाईंच्या त्या तिटेत एक शहाणपण आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे. कोवळ्या जिवाकडे किती डोळ्यांनी पाहावे, याला काही मर्यादा असावी, हे ते शहाणपण.

आता कोणी म्हणेल, हे गृहस्थ जगाला उपदेश करावयास निघाले आहेत. छे हो! मी त्याच पंगतीत पोटभर जेवलेला माणूस आहे. आणि त्या जेवणाचे अजीर्ण झाले, ते माझ्या मुलीला.

आमची मुलगी यंदा नववीत आहे. चार वर्षांची होती तेव्हा ती 'क'ला 'त' म्हणे. काका म्हणजे 'ताता' आणि काळा कावळा म्हणजे 'ताळा तावळा'. मी पडलो महाविद्यालयात मराठी शिकविणारा! तिला अंगणातल्या कावळ्याची गोष्ट सांगावयास लावून मी तिचा व्हिडिओ काढला, त्याखाली ध्वनिपरिवर्तनाच्या नियमांवर चार खुसखुशीत ओळी लिहिल्या आणि तो फेसबुकवर टाकला. काय ते कौतुक झाले! सहकाऱ्यांनी दाद दिली, जुने विद्यार्थी हसले, आमच्या एका मामांनी तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप गटावर धाडला आणि तेथून तो कोठकोठे गेला ते देव जाणे. दोन दिवस मी हवेत होतो. कौतुक मुलीचे चालले होते, पण पाठ माझी थोपटली जात होती, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नाही.

गेल्या वर्षी शाळेत वक्तृत्व स्पर्धा होती. तिने पंधरा दिवस आरशासमोर तयारी केली. स्पर्धेच्या सकाळी तिच्या पोटात दुखू लागले. आम्ही ओवा दिला, गरम पाणी दिले; पण ती काही उठली नाही. पोटदुखीचे खरे कारण तीन दिवसांनी तिच्या आईला कळले. तो व्हिडिओ फिरत फिरत वर्गातील एका मुलाच्या हाती लागला होता आणि ती बोलायला उभी राहिली की मागच्या बाकांवरून 'तावळा, तावळा' असे सूर निघत होते.

मी तिची समजूत घालावयास गेलो. म्हटले, "अगं, किती गोड बोलायचीस तू! त्यात लाजण्यासारखं काय आहे?"

ती म्हणाली, "बाबा, ते माझं बोलणं होतं ना? मग मला का नाही विचारलंस?"

"तू चार वर्षांची होतीस, बाळा. तुला काय विचारणार?"

"मग मी मोठी होईपर्यंत थांबायचं होतंस."

वीस वर्षे मी वर्गात बोलतो आहे. पण या वाक्यावर मला उत्तर सुचले नाही.

ही व्यथा मोबाईलच्या आधीचीही आहे. ए. ए. मिल्न या इंग्रज लेखकाने १९२६ साली 'विनी द पू' हे पुस्तक लिहिले आणि त्यातील मुलाला आपल्या मुलाचेच नाव दिले : क्रिस्टोफर रॉबिन. त्याच्या बालपणीच्या प्रार्थनेवरही वडिलांनी कविता केली होती. तिची तबकडी निघाली. साऱ्या जगाने त्या मुलाला डोक्यावर घेतले. पण पुढे वसतिगृहाच्या शाळेत सोबती तीच तबकडी लावून त्याला छळीत. अखेर ती त्याच्या हाती आली तेव्हा त्याने तिचे तुकडे तुकडे करून दूर शेतात भिरकावले. आपल्या बालपणावर वडिलांनी मिळविलेल्या कीर्तीचा सल त्याने १९७४ साली स्वतःच्या आठवणींत लिहिला, तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती. निदान त्याला फोडावयास तबकडी तरी होती! माझ्या मुलीने काय फोडावे? मी मूळ व्हिडिओ काढून टाकला. पण लोकांच्या मोबाईलमधील प्रती काही माझ्या हातात नाहीत.

याउलट 'श्यामची आई' आठवून पाहा. १९३५ साली आलेल्या या पुस्तकात श्यामच्या किती फजित्या आहेत! पोहावयास जाण्याला भिणारा, त्यापायी आईच्या हातचा मार खाणारा श्याम आपण सर्वांनी पाहिला आहे. पण ते सांगतो कोण? मोठा झालेला श्याम स्वतः सांगतो, आपल्या सोबत्यांना, आपल्याला वाटेल तेव्हा. आजवर कितीदा तरी मी हे पुस्तक वर्गात शिकविले. पण आपल्या बालपणाची गोष्ट सांगण्याचा पहिला हक्क ज्याचा त्याचा असतो, हा त्यातील धडा मला मुलीने शिकविला.

भावनेची गोष्ट क्षणभर बाजूला ठेवू. वाढदिवसाच्या एका फोटोत आपण किती माहिती वाटतो ते मोजा : पूर्ण नाव, जन्मतारीख, गणवेशावरील शाळेचे चिन्ह, मागे दिसणारी सोसायटीची पाटी. बँकेत ओळख पटविताना जी जन्मतारीख विचारतात, तीच आपण केकवर लिहून जगाला दाखवितो. आता तर चेहरा आणि आवाज यांवरून खोटा माणूस उभा करणारी यंत्रे आली आहेत. २०२३ साली एका जर्मन दूरसंचार कंपनीने एक जाहिरात काढली. तीत नऊ वर्षांच्या मुलीच्या फोटोवरून संगणकाने तिचे तरुण रूप घडविले आणि ते रूप पडद्यावरून आईबापांना जाब विचारू लागले.

कायदे हळूहळू जागे होत आहेत. फ्रान्सने फेब्रुवारी २०२४ मध्ये कायदा करून मुलाच्या छायाचित्रावरील हक्क जपणे हे आईबापांचे कर्तव्य ठरविले. मुलाचे वय आणि समज पाहून त्यालाही विचारावे, असे त्यात आहे. अमेरिकेतील इलिनॉय राज्यात मुलांच्या व्हिडिओंवर पैसा कमावणाऱ्यांना जुलै २०२४ पासून त्यातील वाटा मुलाच्या नावे राखून ठेवावा लागतो. आपल्याकडे २०२३ साली वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा झाला. अठरा वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्यापूर्वी कंपन्यांनी पालकांची संमती घ्यावी, असे तो सांगतो. पण कुणी घरगुती कारणासाठी वापरलेल्या माहितीला तो लागू नाही. म्हणजे राखणदार आपणच आणि दार सताड उघडे टाकणारेही आपणच!

मग मुलांचे कौतुक करूच नये की काय? अवश्य करावे. अमेरिकेत वाढणाऱ्या नातवाचे पहिले पाऊल पुण्यातील आजीने पाहू नये, असे कोण म्हणेल? माझ्या लहानपणी आमच्या वाड्यात माझ्याही फजित्या आई ओट्यावर बसून सांगत असे. पण ऐकणाऱ्या चार बायका मला तापात मांडीवर घेणाऱ्या होत्या, आणि गोष्ट वाड्याच्या दिंडीदरवाजाबाहेर जात नसे. कौतुकाला असा ओटा हवा; आपण त्याचा चव्हाटा केला.

आमच्या घरी आता एक साधा नियम आहे. ज्याचा फोटो, त्याला आधी विचारायचे. मूल फार लहान असेल, तर फोटो आजीआजोबांना धाडायचा आणि थांबायचे. ते रडत असेल, आजारी असेल, न्हात असेल, तर मोबाईल खाली ठेवून त्याला जवळ घ्यायचे.

हा लेखही मी मुलीला विचारूनच लिहिला. तिने दोन अटी घातल्या : नाव द्यायचे नाही आणि छापण्यापूर्वी तिला दाखवायचे. तिने लाल पेन घेऊन माझ्यासारखाच चष्मा सावरीत तो तपासला आणि तीन वाक्ये खोडली. ती वाक्ये फार चांगली होती, असे लेखक म्हणून माझे मत आहे. बाप म्हणून मी ती वगळली आहेत.

यंदाच्या वक्तृत्व स्पर्धेत तिने नाव दिले आहे. मी श्रोत्यांत बसणार आहे. मोबाईल घरी ठेवून.