परगृही नांदणारे संघ (क्रीडांगण आणि गाव : लेखांक सहावा)

ज्या संघाजवळ निष्णात खेळाडू आहेत, धनवान आश्रयदाता आहे आणि स्पर्धेच्या वेळापत्रकात ज्याचे स्थान निश्चित झालेले आहे, परंतु ज्याला त्या हंगामापुरते आपले म्हणावे असे मैदानच उरलेले नाही, त्या संघाने काय करावे, हा प्रश्न रायगडच्या किनाऱ्यावरील वाचकाला दूरचा वाटण्याचे कारण नाही. पनवेलच्या खाडीपलीकडे, उलव्याहून लोकलने थोडक्या वेळात गाठता येईल अशा नेरुळ येथे २००८ साली उघडलेल्या डॉ. डी. वाय. पाटील मैदानाने अशा निराश्रित संघांना वेळोवेळी आसरा दिलेला आहे. मागील लेखांकात मैदान बांधण्याच्या खर्चाचा विचार केला. आज मैदान उसने घेण्याच्या व्यवहाराचा करावयाचा आहे.

आरंभी परदेशातील एक उदाहरण घेतो, कारण या व्यवहारातील धोका त्यात उघडपणे दिसतो. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात बर्फावरील हॉकी खेळणारा ‘कायोटीज’ नावाचा व्यावसायिक संघ होता. ग्लेंडेल नगराने भाडेपट्ट्याची मुदत वाढविण्यास २०२१ साली नकार दिला, तेव्हा पुढील वर्षी या संघाला टेम्पी येथील विद्यापीठाच्या, जेमतेम पाच हजार प्रेक्षकांच्या सभागृहात बिऱ्हाड करावे लागले. त्याचे प्रतिस्पर्धी मात्र पंधरा-अठरा हजारांच्या सभागृहांत खेळत होते. टेम्पीतच कायमचे सभागृह उभारण्याची तजवीज संघाने मांडली होती, ती तेथील मतदारांनी मे २०२३ मध्ये फेटाळली, आणि एप्रिल २०२४ मध्ये तो संघ यूटा राज्यातील सॉल्ट लेक सिटीस गेला. तात्पुरत्या निवाऱ्याला अर्थ असतो तो कायमच्या निवाऱ्याचा दस्तऐवज हाती असेपर्यंतच. तो कागद गेला की पाहुणचाराचे दिवस मोजके उरतात.

आता आपल्याकडे वळू. क्रिकेटच्या आयपीएलमध्ये दूरचित्रवाणीच्या हक्कांचे उत्पन्न मध्यवर्ती मंडळाकडून वाटून मिळते, परंतु तिकिटांचा पैसा ज्या संघाच्या घरी सामना होतो त्याच्या पदरात पडतो. म्हणून मैदान हरविणे ही केवळ भावनेची हानी नसून जमाखर्चाच्या वहीतील मोठी तूट असते. हैदराबादच्या डेक्कन चार्जर्स संघाचा इतिहास या दृष्टीने मननीय आहे. २००९ साली लोकसभेच्या निवडणुकांमुळे सगळी स्पर्धाच दक्षिण आफ्रिकेत नेण्यात आली, आणि आदल्या वर्षी तळाशी राहिलेल्या या संघाने तेथे परक्या भूमीवर अजिंक्यपद मिळविले. अजिंक्यवीर म्हणून पुढच्या वर्षी स्वतःच्या प्रेक्षकांपुढे उतरण्याचा मान त्यांना मिळावयाचा, तो तेलंगणाच्या आंदोलनाने हिरावून घेतला. मग त्यांचे ‘घरचे’ सामने नेरुळ, नागपूर आणि कटक अशा तीन ठिकाणी विभागले गेले, व १२ मार्च २०१० रोजी स्पर्धेचा पहिलाच सामना, जो हैदराबादेत व्हावयाचा होता, तो नेरुळला झाला. त्याच हंगामात १७ एप्रिल रोजी बंगळुरूच्या मैदानाबाहेर स्फोट झाले, तेव्हा तेथील उपान्त्य सामनेही नेरुळकडेच आले, आणि चार्जर्सची अजिंक्यपदाकडील वाटचाल जेथून सुरू झाली होती तेथेच चेन्नईकडून पराभूत होऊन थांबली.

अशा प्रसंगी नेरुळच का आठवते, याचा शोध घेताना मला आसनसंख्येपेक्षा दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली तारखांची. मुंबईचे वानखेडे मैदान २०११ च्या विश्वचषकासाठी नूतनीकरणात अडकले होते आणि खुद्द मुंबई इंडियन्स संघ २०१० साली ब्रेबॉर्नवर खेळत होता; अर्थात शहरातील दोन जुन्या मैदानांपैकी एक बंद व दुसरे व्यग्र. दुसरी गोष्ट मालकीची. जेथे नेरुळप्रमाणे मैदानाचा कब्जा एका खाजगी संस्थेकडे आहे, तेथे एका करारनाम्यावर काम भागते; जेथे सरकार, महानगरपालिका आणि क्रीडासंघटना यांचे हक्क परस्परांत गुंतलेले आहेत, तेथे दरखास्त एका दप्तरातून दुसऱ्या दप्तरात फिरत राहते आणि तोवर हंगाम उलटून जातो.

पुण्याच्या ‘पुणे वॉरियर्स’ संघाचे प्रकरण याहून निराळे, आणि माझ्या मते अधिक सुव्यवस्थित. या संघाचा जन्म झाला तेव्हा गहुंजे येथील मैदान पूर्ण झालेले नव्हते. म्हणून २०११ चा पहिला हंगाम त्यांनी घाट उतरून नेरुळला काढला, १० एप्रिल रोजी पंजाबविरुद्ध पहिला सामना तेथेच जिंकला, आणि १ एप्रिल २०१२ रोजी गहुंजेचे मैदान उघडताच ते आपल्या घरी गेले. कायोटीजजवळ जे नव्हते ते, म्हणजे उभी राहत असलेली वास्तू, येथे होते.

तथापि स्वतःचे घर असूनही ते सोडावे लागते, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २०१६ च्या भीषण दुष्काळात, पिण्यासही पाणी नसलेल्या जिल्ह्यांचा विचार करून, मुंबई उच्च न्यायालयाने १३ एप्रिल रोजी असा हुकूम दिला की ३० एप्रिलनंतरचे आयपीएलचे सामने राज्याबाहेर न्यावेत. आणि मुंबई व पुणे या दोन्ही संघांना विशाखापट्टणमचा आश्रय घ्यावा लागला. मला हा हुकूम योग्य वाटला व आजही वाटतो.

पाण्याचा हा प्रश्न हॉकीला तर अधिकच जाचतो. वरच्या दर्जाचे हॉकीचे कृत्रिम हिरवळीचे मैदान, ज्याची लांबी ९१.४० मीटर व रुंदी ५५ मीटर असते, सामन्यापूर्वी भिजवावे लागते. कोरड्या पृष्ठभागावर चेंडूची गती बिघडते आणि पडणाऱ्या खेळाडूचे कातडे सोलवटते. त्यामुळे क्रिकेटचा संघ जशी दुसऱ्याची खेळपट्टी उसनी घेतो तसे हॉकीच्या संघाला करता येत नाही. अशी हिरवळ मुंबईत चर्चगेटजवळच्या महिंद्र मैदानावर व पुण्यात बालेवाडीस आहे. रायगडच्या किनाऱ्यावर व्यावसायिक हॉकी उतरावी अशी जागा नाही. २०१७ नंतर खंडित झालेली हॉकी इंडिया लीग डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली, तेव्हा तर पुरुषांचे आठही संघ ओडिशातील रूरकेला येथे एकत्र आणून बहुतेक सामने तेथेच खेळविण्यात आले. खर्च वाचला, व्यवस्था सोपी झाली. पण हैदराबाद, तामिळनाडू, दिल्ली अशी नावे धारण करणाऱ्या संघांना त्या त्या ठिकाणचा प्रेक्षक भेटला नाही, आणि त्या आठांत महाराष्ट्राचा एकही संघ नव्हता, याचे मला मनापासून दुःख वाटते.

कबड्डीचे उदाहरण त्यामानाने आशादायक आहे. बंगळुरू बुल्स या संघाला स्वतःच्या शहरातील सभागृह न मिळाल्यामुळे २०१७ साली नागपुरास व पुढील हंगामात पुण्यास आपले घरचे सामने न्यावे लागले, आणि त्या दुसऱ्या परगृहवासातच त्याने अजिंक्यपद मिळविले. ५ जानेवारी २०१९ रोजी मुंबईत गुजरातचा ३८-३३ असा पराभव करून. परगृही राहून खेळाचा दर्जा खालावतोच असे नाही.

साथीच्या छायेत २०२२ साली आयपीएलच्या दहाही संघांचे साखळीतील सत्तर सामने मुंबई, नेरुळ व गहुंजे येथेच झाले, त्यांतील वीस नेरुळला. अशा वेळी उरण, पेण, अलिबागच्या प्रेक्षकाला जगातील नामांकित खेळाडू खाडीपलीकडे पाहावयास मिळतात, ही त्याची मिळकत. परंतु पाहुण्या संघाचे व्यवस्थापक ज्या करारनाम्यावर सही करतात, त्यात या प्रेक्षकाच्या परतीची तजवीज असावयास हवी. जानेवारी २०२४ पासून नेरुळहून थेट उरणपर्यंत लोकल धावू लागली आहे. रात्रीचा सामना लांबला तर त्या मार्गावर एक जादा गाडी आणि अलिबाग-पेणकडे जाणाऱ्या एस. टी. च्या दोन गाड्या यांचा खर्च मैदानाच्या भाड्यातच धरावा, अशी माझी सूचना आहे. भाडेपट्ट्यातील अशा कलमांचा तपशील पुढील लेखांकात.