संत्र्याच्या कोवळ्या झाडांचें ऊन व थंडी यांपासून रक्षण

संत्र्याच्या नव्या बागेंत पहिल्या उन्हाळ्यांत जीं कलमें दगावतात, तीं पाण्यावांचून गेलीं असें सहसा म्हटलें जातें. परंतु अशा कलमाचें खोड नीट पाहिलें, तर पुष्कळदां पश्चिमेच्या किंवा नैर्ऋत्येच्या अंगाची साल तपकिरी होऊन तडकलेली, व पूर्वेकडील साल मात्र हिरवी, असें आढळतें. ही तहान नव्हे. हें भाजणें होय.

सकाळचें ऊन पडतें तेव्हां हवा निवलेली असते. दुपारीं ती आधींच तापलेली असून यवतमाळकडे एप्रिल-मे महिन्यांत पारा ४२ अंशांच्या वर जातो. त्यांत कलतें ऊन थेट खोडावर येतें. मोठ्या झाडास स्वतःच्या पानांची सावली असते, कोवळ्या कलमास ती नसते. तडकलेल्या सालींतून रोग शिरतो, व झाड जगलें तरी खंगत राहतें.

म्हणून दक्षिण व पश्चिम या बाजूंस तुराट्यांचा किंवा पऱ्हाट्यांचा आडोसा करून पूर्व बाजू मोकळी ठेवावी. चारी बाजूंनीं कोंडलेल्या कलमाची फूट फिकट व लांबट निघते. पऱ्हाटीस आपल्या जिल्ह्यांत तोटा नाहीं. मात्र तिच्यावरील किडकीं बोंडें आधीं तोडून जाळावींत, नाहींतर गुलाबी बोंडअळी आपणच पुढील हंगामासाठीं राखून ठेवतों! खोडास चुन्याचा पातळ हात द्यावा, तोही चुना भिजवून पुरता निवल्यावरच. डोळ्याखालीं फुटलेले जंबेरीचे धुमारे काढावेत. वरच्या फांद्या पहिल्या उन्हाळ्यांत छाटूं नयेत. आळ्यांत सोयाबीनचें कुटार पसरावें, पण खोडापासून वीतभर दूर.

थंडीची गोष्ट निराळी. सन २०१८ च्या डिसेंबरअखेर नागपुरास पारा ३.५ अंशांपर्यंत उतरला होता. आकाश निरभ्र व वारा बंद असलेल्या अशा रात्रीं जमिनीची ऊब निघून जाते आणि कोवळी फूट करपते. उन्हाळ्यांत उपकारक असलेलें कुटार येथें आड येतें, कारण तें दिवसाची ऊब जमिनींत जाऊं देत नाहीं. डिसेंबर लागतांच तें बाजूस ओढावें, व लाटेची वार्ता कळतांच विहिरीचें पाणी द्यावें. ओली जमीन ऊब अधिक सांठविते. धुरापेक्षां आमचा भरंवसा पाण्यावर अधिक आहे.

मात्र फळावर आलेल्या बागेस आंबिया बहारासाठीं याच दिवसांत ताण दिलेला असतो, व पाण्यानें तो मोडतो. तेव्हां हा उपाय कोवळ्या बागेपुरताच समजावा. तेथें रात्रीं कलमावर गोणपाटहि टाकावें, व सकाळीं ऊन येतांच काढावें.