मोहफूल : वेचणी, वाळवण आणि सडवा

चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन वनजिल्ह्यांत होळीच्या सुमारास सुरू होऊन एप्रिलच्या अखेरीपर्यंत चालणारी मोहफुलांची वेचणी म्हटली, की बाहेरच्या माणसाच्या मनात प्रथम हातभट्टीच येते. प्रत्यक्षात या कामाचा फार थोडा भाग भट्टीपाशी होतो आणि बहुतेक सगळे काम झाडाखाली, अंगणात व कणगीपाशी चालते. वेचलेल्या फुलाचे अन्न होणार, बाजारातला माल होणार की दारू होणार, हे पुढे ठरते. परंतु फूल कोणत्या प्रतीचे राहणार, हे झाडावरून गळल्यानंतरच्या तीन-चार दिवसांतच ठरून जाते. म्हणून मोहाचा विचार दारूपासून न करता वेचणीपासून करणे योग्य ठरते.

मोह हा सॅपोटेसी, म्हणजे चिकूच्या कुळातला पानझडी वृक्ष असून वनस्पतिशास्त्रात त्याला मधुका लाँगिफोलिया असे नाव आहे. फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने गळून फांद्या उघड्या पडल्या, की त्यांच्या टोकांशी कळ्यांचे झुबके लोंबू लागतात. प्रत्येक फुलाला बाहेरून तपकिरी, मखमली लव असलेला निदलपुंज, म्हणजे कळीचे संरक्षक आवरण, असतो आणि त्याच्या आत फिकट पिवळसर, मांसल व रसाने फुगलेला दलपुंज, म्हणजे एकमेकींना जुळलेल्या पाकळ्यांचा पेला, असतो. पुंकेसर या पेल्याला आतून चिकटलेले असल्यामुळे पेला गळतो तेव्हा तेही त्याच्यासोबत खाली येतात. मात्र जायांग, म्हणजे ज्याचे पुढे फळ होते तो स्त्री-अवयव, निदलपुंजासह देठावरच राहतो. त्यामुळे गळलेले फूल बोटांत धरून उजेडाकडे पाहिले तर त्याला आरपार भोक दिसते. या रचनेचा व्यावहारिक परिणाम मोठा आहे, कारण जमिनीवर पडलेली फुले कितीही वेचली तरी फळधारणेला धक्का लागत नाही आणि त्याच झाडापासून पावसाळ्याच्या तोंडाशी टोळी, म्हणजे मोहाच्या तेलबिया, पुन्हा मिळतात.

फुलांची गळ मुख्यतः रात्री आणि पहाटे होते. रात्री वटवाघळे फुलांवर येतात, त्यांच्यामार्फत परागीभवन होते, आणि उजाडेपर्यंत झाडाखाली फुलांचा सडा पडतो. उन्हे चढली की पडलेली फुले मऊ पडून मातीला चिकटतात. शिवाय गुरे, हरणे आणि अस्वले यांनाही ती तितकीच प्रिय असल्याने बाया, मुले आणि म्हातारी माणसे टोपल्या-दुरड्या घेऊन तांबडे फुटायच्या आत झाडाखाली पोहोचतात. एका झाडाची फुले एका दिवसात गळत नाहीत. ती काही आठवडे रोज थोडीथोडी गळतात, म्हणून त्याच झाडाखाली रोज जावे लागते. कोणत्या झाडाची फुले कोणत्या घराने वेचायची, हे बहुतेक गावांत रूढीने ठरलेले असते, आणि बांधावरचे किंवा शेतातले मोहाचे झाड ही घराची वडिलार्जित मालमत्ता मानली जाते.

वेचणीतील सर्वांत नाजूक प्रश्न झाडाखालच्या जमिनीचा आहे. पालापाचोळ्यात फूल दिसत नाही, म्हणून हंगामापूर्वी झाडाखालचा पाला पेटवून जमीन मोकळी करण्याची पद्धत पडली. परंतु उन्हाने वाळलेल्या जंगलात ही आग अनेकदा झाडाखाली थांबत नाही, तिचा वणवा होतो आणि त्यात रोपटी, बी आणि जमिनीलगतचे जीव जळून जातात. हा तोटा शेवटी वेचणाऱ्याच्याच वाट्याला येतो, कारण मोहाचे रोपटे फुलावर येण्यास अनेक वर्षे लागतात आणि दरवर्षी रोपटी जळत राहिली तर म्हाताऱ्या झाडांची जागा घेणारे कोणी उरत नाही. पाला झाडून बाजूला करणे किंवा झाडाखाली जाळी अंथरणे हे दोन पर्याय आग लावण्याहून कष्टाचे किंवा खर्चाचे असले तरी जाळीवर पडलेल्या फुलाला माती लागत नाही आणि त्याची प्रतही सुधारते. दुसरा धोका जिवाचा आहे. ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाच्या भोवतालच्या आणि ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या तालुक्यांच्या जंगलांत वाघांची वस्ती दाट असून, वाकून किंवा बसून फुले वेचणारे माणूस पहाटेच्या अंधुक उजेडात सहज हल्ल्याला बळी पडू शकते. म्हणून एकट्याने न जाता गटाने जाणे आणि बोलत, आवाज करत वेचणे ही सावधगिरी अत्यावश्यक आहे.

घरी आणलेल्या ताज्या फुलाच्या वजनात तीन चतुर्थांशाहून अधिक पाणीच असते, आणि त्यात साखर भरपूर असल्यामुळे ते ढिगात ठेवले तर काही तासांतच गरम होऊन आंबू लागते. त्यामुळे शेणाने सारवलेल्या अंगणात, चटईवर किंवा खाटेवर फुले पातळ थरात पसरली जातात आणि दिवसातून अनेकदा हाताने खालीवर केली जातात. पहिल्या दिवशी पिवळसर पेला सुरकुततो, दुसऱ्या दिवशी त्याचा रंग तांबूस होतो आणि पुढे तो मनुकेसारखा गडद व चिवट बनतो. वाळलेली फुले चोळून किंवा हलक्या हाताने बडवून त्यांतले पुंकेसर पाखडून काढले जातात, कारण ते राहिले तर फूल खाताना तोंडात तुसासारखे टोचते. चार-पाच किलो ताज्या फुलांचे वाळल्यावर जेमतेम किलोभर वजन भरते. या दिवसांत अवकाळी पाऊस झाला किंवा आभाळ आले तर फूल काळे पडते, त्याला बुरशी धरते आणि त्याचा भाव उतरतो.

चांगले वाळलेले फूल कणगीत किंवा ढोलीत भरून, वरून झाकून, ओल लागू न देता ठेवले तर ते पावसाळ्यापर्यंत आणि त्यापुढेही टिकते. हंगामात बाजारात माल एकदम येत असल्यामुळे भाव पडतो आणि पावसाळ्यात माल संपत आला की तो चढतो. परंतु मीठ, तेल, औषध आणि उधारी यांसाठी रोकड लागणारे कुटुंब फूल वाळताच ते आठवडी बाजारात विकते आणि पुष्कळदा तेच फूल पुढे चढ्या भावाने विकत घेते. केंद्र शासनाच्या गौण वनोपजांच्या किमान आधारभूत किंमत योजनेत मोहफुलाचा समावेश आहे. तरीही साठवणुकीची सोय गावात नसेल, तर आधारभूत किंमत कागदावर असूनही वेचणाऱ्याच्या पदरात थोडेच पडते.

फुलाचा पहिला उपयोग अन्न हाच आहे. वाळलेल्या फुलात निम्म्याहून अधिक साखर असल्यामुळे ते भाजून, तीळ किंवा जवसाबरोबर कुटून त्याचे लाडू करतात, उकडून खातात किंवा पिठात मिसळून भाकरीला गोडी आणतात. धान्य संपलेल्या दिवसांत कित्येक कुटुंबांनी त्याच्यावरच दिवस काढले आहेत. टोळीचे तेल स्वयंपाकात, दिव्यात आणि अंगाला लावण्यासाठी वापरले जाते.

दारूची प्रक्रिया समजून घेताना बिअरशी तुलना उपयोगी पडते. बिअरमध्ये मद्यार्क बनवणारी साखर सातूच्या मोडांतून येते, तर हॉप्स या वेलीची फुले तिला कडवटपणा, वास आणि टिकाऊपणा देतात.  मोहात मात्र साखर आणि सुगंध दोन्ही एकाच फुलात असतात, आणि फुलाला मुळातच चिकटलेले नैसर्गिक यीस्ट, म्हणजे साखरेचे मद्यार्कात रूपांतर करणारी सूक्ष्म बुरशी, आंबवण्याचे काम सुरू करते. फुले पाण्यात भिजवून मडक्यात झाकून ठेवली, की उन्हाळ्याच्या उष्णतेत ती थोड्याच दिवसांत फसफसू लागतात. या आंबलेल्या द्रावणाला सडवा किंवा मोहसडवा म्हणतात. बुडबुडे थांबले आणि वास गोडसरपणा सोडून तीव्र झाला, की सडवा चुलीवर चढतो. त्यावर आडोसा देऊन दुसरे भांडे बसवलेले असते आणि सर्वांत वर गार पाण्याचे भांडे असते. वाफ वर जाऊन गार तळाला लागते, तिचे थेंब होतात आणि ते आत ठेवलेल्या भांड्यात जमतात. पहिल्या धारेची दारू सर्वांत कडक असते आणि पुढे धार उतरत जाते. जुन्या पद्धतीत फूल आणि पाणी यांखेरीज काही लागत नाही. नवसागर, काळा गूळ आणि इतर द्रव्ये घालून झटपट गाळली जाणारी दारू हा वेगळा आणि घातक धंदा आहे.

गोंड आणि माडिया समाजांत मोहाची दारू देवाला अर्पण केली जाते, आणि जन्म, लग्न व मृत्यू या प्रसंगी तिला विधीचे स्थान आहे. तथापि, विधीतील मोजके थेंब आणि घर उद्ध्वस्त करणारे रोजचे व्यसन यांतला फरक याच जिल्ह्यांतल्या स्त्रियांनी सर्वांत आधी ओळखला. दीर्घ लोकचळवळीनंतर १९९३ मध्ये गडचिरोली जिल्ह्यात दारूबंदी लागू झाली. चंद्रपुरात ती २०१५ मध्ये लागू होऊन २०२१ मध्ये उठली. गडचिरोलीत २०१६ पासून मुक्तिपथ हे अभियान गावागावांत व्यसनमुक्तीचे काम करीत आहे. घरी दारू गाळणे हा राज्यात गुन्हाच आहे, आणि त्या धाकामुळे मोहफुलाकडेही दीर्घकाळ संशयाने पाहिले गेले. २०२१ मध्ये राज्य शासनाने आदिवासींच्या मोहफूल संकलन, साठवणूक आणि वाहतुकीवरील निर्बंध शिथिल केले, ही उशिरा झालेली पण योग्य सुधारणा आहे.

वनहक्क कायदा, २००६ नुसार परंपरेने गोळा होणाऱ्या गौण वनोपजावर वननिवासींची मालकी मान्य झाली आहे. धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, आणि ग्रामसभा वनोपजाचा व्यवहार स्वतः चालवू शकते हे त्या गावाने बांबूच्या बाबतीत दाखवून दिले. मोहफुलाच्या बाबतीतही हाच मार्ग हिताचा आहे. ग्रामसभांनी वेचणीपूर्वी आग न लावण्याचा ठराव करावा, झाडाखालच्या जाळ्या आणि गावातले कोरडे गोदाम यांसाठी निधी राखावा, आणि हंगामात फूल विकण्याची सक्ती कुटुंबावर येऊ नये म्हणून साठवलेल्या मालावर उचल द्यावी. दारूविरुद्धचा लढा आणि मोहफुलाचे रक्षण या परस्परविरोधी गोष्टी नाहीत. फुलाला अन्न आणि माल म्हणून रास्त मोल मिळाले, तर ते भट्टीकडे वळण्याचे कारणही कमी होईल.