केस परत आले, पण कुरळे

मागच्या हिवाळ्यात शहाद्याच्या बाजारात ओळखीच्या एक बाई भेटल्या. जरा वेळ माझ्याकडे निरखून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, केस कुठे कुरळे करून घेतले? किती पैसे लागले?" मी म्हटलं, "सुरतेला. फार महाग पडले." मग खरी हकिकत सांगितली, तेव्हा त्या एकदम गप्प झाल्या. तीच हकिकत आज आपल्याला सांगणार आहे.

मी नंदुरबार जिल्ह्यातल्या एका प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. मला स्तनाचा कर्करोग झाला. शस्त्रक्रिया झाली आणि पुढे केमोथेरपीचे सहा डोस ठरले. मोठं दुखणं आलं की आमच्याकडची पुष्कळ माणसं रेल्वेने सुरत गाठतात, तशी मीही गेले. डॉक्टरांनी बरंच काही समजावलं. मला मात्र एवढंच ऐकू आलं, की केस जातील. कमरेपर्यंतची सरळ, जाड वेणी होती माझी.

पहिल्या डोसनंतर सतराव्या दिवशी सकाळी उशीवर केसांचा पुंजका दिसला. आठवडाभरात डोकं जवळजवळ रिकामं झालं. पुढे भुवया आणि पापण्याही विरळ झाल्या.

असं का होतं? आपल्या डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यांतले शंभरातले ८५ ते ९० केस कोणत्याही वेळी वाढत असतात. त्यांच्या मुळाशी असलेल्या पेशी शरीरातल्या सर्वांत झपाट्याने वाढणाऱ्या पेशींपैकी आहेत. केमोथेरपीची बरीचशी औषधं वेगाने विभागणाऱ्या पेशींवर घाव घालतात. कर्करोगाच्या पेशी तशाच असतात, म्हणून त्या मरतात. पण त्यांच्याबरोबर केसांची मुळंही सापडतात. तोंड येतं, पोट बिघडतं, तेही यामुळेच. सगळ्याच औषधांनी केस जातात असं मात्र नाही. आणि केस जास्त गळले म्हणजे औषध जास्त लागू पडलं, हाही गैरसमज आहे.

उरलेसुरले केस काढून टाकायचे ठरले, तेव्हा घरात न्हावी बोलवायला सासूबाई तयार होईनात. "घरात धनी असताना बाईच्या डोक्याला वस्तरा?" त्या रडायलाच लागल्या. मला त्यांचा राग आला नाही. बाईचं मुंडण म्हटलं की आपल्याकडे एकच अर्थ मनात येतो. विधवांच्या केशवपनाची चाल मोडायला किती कष्ट पडले! १८९० मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हाव्यांनीच सभा घेऊन ठरवलं, की विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही. ती चाल गेली, पण तिची भीती अजून कुठेतरी शिल्लक आहे. शेवटी ह्यांनीच दाढीच्या मशीनने माझे केस उतरवले. बाहेर सासूबाई चहा करत बसल्या होत्या.

मग विग आणला. पण आमच्याकडचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. मिरचीच्या पथारीवर उभं राहावं तसं डोकं तापायचं. दोन दिवसांत विग कपाटात गेला आणि सुती रुमाल डोक्यावर आला.

शेवटच्या डोसनंतर महिन्याभरात डोक्यावर लव आली. तान्ह्या बाळाच्या जावळासारखी, मऊ, करड्या रंगाची. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात. सहा महिन्यांनी आरशात पाहिलं तर डोकंभर बारीक, गोल गोल वळणं! माझ्या माहेरी, सासरी कोणाचेच केस असे नाहीत.

डॉक्टरांना विचारलं. त्यांनी सांगितलं ते असं. केस सरळ की कुरळा, हे त्याच्या मुळाच्या नळीवर ठरतं. नळी सरळ असेल तर केस सरळ. ती वाकडी असेल आणि एका बाजूच्या पेशी दुसरीपेक्षा भरभर वाढत असतील, तर केस वळत वळत बाहेर येतो. औषधाचा मार बसलेली मुळं पुन्हा कामाला लागतात, तेव्हा काही काळ ती सारखी चालत नाहीत, आणि त्यामुळे केस वळतो असं मानलं जातं. रंग देणाऱ्या पेशीही उशिरा जाग्या होतात, म्हणून पहिले केस करडे किंवा पांढरे दिसतात. पुष्कळांचे केस वर्ष-दीड वर्षात पूर्ववत होतात. काहींचे कुरळेच राहतात. मोजक्या रुग्णांचे विरळ राहतात. त्यांनी डॉक्टरांना जरूर दाखवावं.

सल्ले खूप मिळाले. "आणखी दोनदा तुळतुळीत करा, दाट येतील," हा त्यांतला पहिला. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मूळ आत असतं. त्याने दाटपणा वाढत नाही. कुरळ्या केसांना एवढंच पुरतं: सौम्य शाम्पू, थोडं खोबरेल तेल आणि ओल्या केसांतून रुंद दातांचा कंगवा. रंग किंवा सरळ करण्याची रसायनं निदान सहा महिने तरी नकोत, आणि नंतरही डॉक्टरांना विचारूनच.

तरी रुमाल सुटत नव्हता. जुनी वेणी येईल, मग डोकं उघडं करीन, असं मी ठरवलं होतं. म्हणजे ज्या केसांची मी वाट पाहिली, ते आले होते आणि मी त्यांना झाकून ठेवत होते. सोनाली बेंद्रे यांनी २०१८ मध्ये उपचार चालू असताना आपले आखूड केस आणि नंतर मुंडण केलेलं डोकं लोकांसमोर मोकळेपणाने आणलं. त्या नटी, आपलं कसं जमणार, असं मला वाटायचं. एके दिवशी वर्गात रुमाल सुटून पडला. पहिलीतली एक मुलगी म्हणाली, "मॅडम, तुमचे केस माझ्यासारखेच!" तिचे केस जन्मापासून कुरळे. त्या दिवशी रुमाल मी घडी करून पर्समध्ये ठेवला.

हे सांगण्याचं कारण वेगळंच आहे. गेल्या वर्षी शेजारच्या गल्लीतल्या एका वहिनींना हाच आजार निघाला. केमो सांगितली, पण त्या जायचं टाळत होत्या. "पोरीचं लग्न आहे, मांडवात टकली कशी उभी राहू?" अशाने आठवडे जात होते. आजार मात्र लग्नाच्या तारखेसाठी थांबत नाही. मी त्यांच्या घरी गेले, डोकं पुढे केलं आणि म्हटलं, "हात लावून बघा." त्यांनी बराच वेळ केसांतून बोटं फिरवली. मग विचारलं, "तेल कोणतं लावता?"

पुढच्या सोमवारी त्या सुरतेला गेल्या. लग्नात डोक्यावरून पदर घेऊन पाहुण्यांना कुंकू लावत होत्या. आता त्यांच्याही डोक्यावर लव आली आहे. कुरळी की सरळ, ते अजून कळायचं आहे.