छोट्या बुटावर मोठी भिस्त

मोटारीच्या देखभालीचा विषय निघाला की इंजिन ऑइल, ब्रेक, टायर आणि बॅटरी या चौकडीपलीकडे आपले लक्ष सहसा जात नाही. पुढच्या चाकांच्या मागे, गिअरबॉक्समधून चाकाकडे जाणाऱ्या दांड्यावर काळ्या रबराची एक घडीदार टोपी असते, हे अनेक मोटारमालकांच्या गावीही नसते. गॅरेजच्या भाषेत हा 'अ‍ॅक्सलचा बूट'. त्याची किंमत मोटारीच्या मानाने किरकोळ; पण तो फाटला आणि दुर्लक्षिला गेला, तर त्याच्या आतील पोलादी सांधा निकामी होतो. मग जे काम काही शे रुपयांत भागले असते, त्यासाठी अनेक हजार रुपये मोजावे लागतात. हा खर्च टाळणे बहुतांशी मालकाच्याच हातात असते.

सांध्याची गरज का पडली?

अ‍ॅम्बॅसेडर किंवा प्रीमियर पद्मिनी या मोटारींत इंजिन पुढे आणि शक्ती मागच्या चाकांना, अशी रचना होती. मधल्या लांब प्रोपेलर शाफ्टच्या टोकांना असणारा 'क्रॉस' हा जुन्या पद्धतीचा सांधा तिथे पुरेसा होता. डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० रस्त्यावर आली आणि पुढच्याच चाकांना शक्ती देणारी रचना आपल्याकडे घरोघरी पोहोचली. आज आपल्या शहरांतील बहुसंख्य छोट्या मोटारी याच पद्धतीच्या आहेत.

या रचनेत पुढच्या चाकाला एकाच वेळी तीन कामे करावी लागतात. त्याने फिरायचे, वळायचे आणि खड्ड्यागणिक वरखालीही व्हायचे. त्याला फिरवणारा दांडा त्यामुळे सतत वाकड्या कोनात काम करतो. जुना क्रॉस इथे उपयोगाचा नाही. दोन दांड्यांत ३० अंशांचा कोन असेल आणि पहिला दांडा मिनिटाला १०० फेऱ्यांच्या स्थिर गतीने फिरत असेल, तर क्रॉसपलीकडच्या दांड्याची गती प्रत्येक फेरीत दोनदा सुमारे ८७ पर्यंत उतरते आणि दोनदा सुमारे ११५ पर्यंत चढते. चाकाला असे हिसके बसू लागले, तर वळणावर स्टिअरिंग हातात धरणे अवघड होईल.

यावर तोडगा म्हणजे 'कॉन्स्टंट व्हेलॉसिटी', अर्थात समगती सांधा. गॅरेजमध्ये त्याला सी.व्ही. जॉइंट म्हणतात. अमेरिकेत आल्फ्रेड झेपा या अभियंत्याने १९२० च्या दशकात पेटंट घेतलेली रचना आजही चाकाकडच्या सांध्यात वापरली जाते. बाहेर एक वाटी, आत एक कडे, दोहोंत कोरलेल्या खाचा आणि त्यांत बसलेल्या सहा पोलादी गोळ्या. सांधा कितीही वाकला, तरी या गोळ्या दोन्ही दांड्यांमधील कोनाच्या बरोबर मध्यावर राहतात. म्हणून दोन्हीकडची गती समान राहते. १९५९ च्या ब्रिटिश मिनी मोटारीने या सांध्याला सर्वसामान्यांच्या मोटारीत स्थान मिळवून दिले. गिअरबॉक्सकडचा आतला सांधा बहुधा तीन रोलरांचा असतो. तो वाकतो कमी. पण चाक वरखाली होताना दांड्याची लांबी कमीजास्त व्हावी लागते, म्हणून तो आतबाहेर सरकतो.

ग्रीस आत, धूळ बाहेर

हे सांधे अतिशय मजबूत पोलादाचे असतात. ते मोडण्यामागे बहुधा ताण नसतो. वंगण संपणे हेच खरे कारण असते. बूट दोन कामे करतो. आतले ग्रीस बाहेर जाऊ देत नाही आणि बाहेरची धूळ-पाणी आत येऊ देत नाही. त्याच्यावरील श्रमाचा हिशेब करून पाहावा. छोट्या मोटारीचे चाक एका किलोमीटरमध्ये सुमारे ६०० फेऱ्या घेते. म्हणजे ५० हजार किलोमीटरमध्ये तीन कोटी फेऱ्या झाल्या. दांडा कोनात असताना प्रत्येक फेरीत बुटाची प्रत्येक घडी एकदा मिटते आणि एकदा उघडते. त्यात इंजिन व ब्रेकची उष्णता, उन्हाळ्यातील तापलेला रस्ता आणि पावसाळ्यातील चिखल यांची भर पडते. रबर कडक होते, घडीच्या तळाशी बारीक चिरा पडतात आणि एक दिवस चीर आरपार जाते. वळताना अधिक वाकणारा चाकाकडचा बूट त्यामुळे आधी फाटतो.

फाटलेल्या बुटातून फिरण्याच्या जोराने ग्रीस बाहेर फेकले जाते. उरलेल्या ग्रीसमध्ये वाळू मिसळली की वंगणाचे रूपांतर पॉलिश पेपरच्या लेपात होते. गोळ्या आणि खाचा झिजू लागतात. पाण्याने गंज चढतो. कोरड्या डांबरी रस्त्यावर सांधा काही काळ तग धरतो. पाणी साचलेल्या खड्ड्यांतून रोज जाणाऱ्या मोटारीत तो फार लवकर वाजू लागतो.

दोन मिनिटांची तपासणी

तपासणीसाठी मोटारीखाली शिरण्याची गरज नाही. सपाट जागी मोटार उभी करून हँडब्रेक लावावा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून इंजिन बंद करावे आणि चाकामागे टॉर्चचा प्रकाश टाकावा. घड्यांमध्ये चिरा, सुटलेली क्लिप, ओलसर काळे ग्रीस यांपैकी काही दिसते का, ते पाहावे. चाकाच्या रिमच्या आतल्या अंगावर किंवा शेजारच्या भागांवर ग्रीसचे शिंतोडे दिसले, तर बूट फुटला असेच समजावे. मग दुसऱ्या बाजूलाही हेच करावे. आतला बूट असा नीट दिसत नाही. सर्व्हिसिंगच्या वेळी मोटार रॅम्पवर चढली की तो पाहून घेण्यास मेकॅनिकला आवर्जून सांगावे. वर्षातून निदान दोनदा, पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसाळा संपल्यावर, ही तपासणी व्हावी. निव्वळ जॅकवर उचललेल्या मोटारीखाली मात्र कधीही डोके घालू नये.

कानही उपयोगी पडतात. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून सावकाश गोल फेरी घेतल्यास, झिजलेला बाहेरचा सांधा 'कट-कट-कट' असा तालबद्ध आवाज करतो आणि वेगाबरोबर आवाजाची लयही वाढते. सरळ रस्त्यावर वेग घेताना मोटार थरथरत असेल, तर संशय आतल्या सांध्यावर घ्यावा. वेगाबरोबर चढत जाणारी अखंड घरघर ही बहुधा चाकाच्या बेअरिंगची असते, तर खड्ड्यात येणारा एखादाच 'खट्' आवाज सस्पेन्शनचा. हा फरक माहीत असला, की गॅरेजमध्ये भलताच भाग बदलला जात नाही.

आयुष्य वाढवणाऱ्या सवयी

स्टिअरिंग पूर्ण वळवलेले असताना जोरात अ‍ॅक्सिलरेटर देणे ही सांध्याची सर्वांत कठोर परीक्षा असते. सोसायटीच्या चिंचोळ्या जागेतून मोटार काढताना स्टिअरिंग टोकापासून किंचित सोडावे आणि मगच हलके अ‍ॅक्सिलरेटर द्यावे. चिखलात रुतलेले चाक गरागरा फिरवू नये. त्याला एकदम पकड मिळाली, की तो हिसका थेट सांध्यावर येतो. क्लच झटक्याने सोडू नये. मोटारीची उंची वाढवण्याचे वा कमी करण्याचे हौशी प्रयोग दांड्याचा कोन कायमचा बिघडवतात.

वॉशिंग सेंटरमध्ये पाण्याचा जोरदार फवारा अगदी जवळून बुटावर मारू देऊ नये. तळभागावर डिझेल किंवा जुने ऑइल फवारण्याची पद्धत अजूनही काही ठिकाणी दिसते. पत्रा चकचकीत दिसतो खरा. परंतु अशा इंधन-तेलांनी रबर फुगते आणि मऊ पडते. तेव्हा असा फवारा मुळीच मारू देऊ नये. गंजरोधक लेप देताना बूट झाकून घ्यायला सांगावे.

बूट बदलताना

बूट फाटला आहे, पण आवाज नाही, अशा अवस्थेत सांधा सहसा वाचवता येतो. तो उघडून, धुऊन, गोळ्या व खाचा पाहून नवे ग्रीस आणि नवा बूट बसवावा. पाहणीत खाचांवर खड्डे वा ओरखडे दिसले, किंवा आवाज आधीच सुरू झाला असेल, तर केवळ बूट बदलणे म्हणजे पैसे वाया घालवणे. 'पूर्ण अ‍ॅक्सलच टाका' असे गॅरेजवाला म्हणाला, तर झीज कुठे आहे, ते प्रत्यक्ष दाखवण्यास सांगावे. तो ग्राहकाचा हक्क आहे.

काम करून घेताना चार गोष्टींचा आग्रह धरावा. ग्रीस सी.व्ही. जॉइंटसाठीचे, बाहेरच्या सांध्याला बहुधा मॉलिब्डेनम डायसल्फाइडयुक्त, आणि किटसोबत दिले असेल तेवढेच भरावे. साधे ग्रीस चालत नाही. बूट योग्य मापाचा असावा आणि क्लिपा नव्या असाव्यात. तारेने वा प्लॅस्टिकच्या पट्टीने आवळलेला बूट टिकत नाही. हबचा नट कंपनीने सांगितल्याप्रमाणे नवा वापरून टॉर्क रेंचने आवळावा. शाफ्ट काढताना गिअरबॉक्समधील ऑइल सांडू शकते. म्हणून त्याची पातळी आणि ऑइल सील शेवटी तपासून घ्यावे. उभी चीर असलेले, चिकटवून बसवायचे बूटही मिळतात; तो तात्पुरता इलाज समजावा.

वाजणाऱ्या सांध्याकडे 'चालते तोवर चालवू' या वृत्तीने पाहणे धोक्याचे आहे. एका बाजूचा सांधा तुटला, की डिफरन्शियलमधून येणारी सगळी शक्ती त्या मोकळ्या दांड्यात वाया जाते आणि दुसरे चाक धड असूनही मोटार जागची हलत नाही. हे घाटातील चढावर, रात्री, कुटुंब सोबत असताना घडले तर काय होईल, याची कल्पनाच केलेली बरी. विजेवर चालणाऱ्या मोटारींना इंजिन ऑइल लागत नसले, तरी त्यांच्याही चाकांकडे हेच सांधे आणि हेच बूट जातात. मोटरची ताकद पहिल्या क्षणापासून मिळत असल्याने तिथे उजव्या पायाचा संयम अधिकच हवा. पुढच्या वेळी टायरमधील हवा तपासाल, तेव्हा चाकामागेही एकदा टॉर्च मारून पाहा.