‘डिलिव्हर्ड’ लिहिलंय, पण पार्सल आहे कुठे?

धानाच्या रोवणीचे दिवस आहेत. ऐन वेळी मोटरपंपाचा स्टार्टर जळाला, म्हणून भंडारा जिल्ह्यातल्या आसगावच्या एका शेतकऱ्याने तो मोबाईलवरून मागवला आणि पैसेही आधीच भरले, असं समजा. दोन-तीन दिवसांनी दुपारी निरोप येतो: ‘डिलिव्हर्ड’. त्या वेळी घरची सगळी माणसं बांधीवर. संध्याकाळी येऊन पाहतात तर ओसरीवर काहीच नाही. मग शेजारीपाजारी जमतात आणि कुणीतरी म्हणतं, “आता काय होणार भाऊ? कंपनीच्या कागदावर तर माल पोचला.” पवनी तालुक्यातच नव्हे, नागपूर-पुण्याच्या सोसायट्यांमध्येही हेच वाक्य ऐकू येतं आणि ते ऐकूनच लोक पैशांवर पाणी सोडतात. हा या विषयातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे.

‘डिलिव्हर्ड’ ही नोंद पार्सल आणणारा माणूस आपल्या मोबाईलवर करतो. म्हणजे ते विकणाऱ्याच्या बाजूचं म्हणणं झालं, ग्राहकाने दिलेली पोच नव्हे. त्या नोंदीला आधार लागतो: ओटीपी, सही, घेणाऱ्याचं नाव, दारात काढलेला फोटो, नोंद झाली ती वेळ आणि जागा. कुरिअरच्या धंद्यात याला ‘पीओडी’ म्हणतात. पार्सल मिळालं नसेल तर ग्राहकाने पहिल्यांदा हाच पुरावा मागायचा, आणि तोही लेखी. फोटोतलं दार आपलं नाही, सहीतलं नाव घरात कुणाचंच नाही, असं निघालं की कंपनीची बाजू तिथेच लंगडी पडते.

अर्थात, तक्रारीच्या आधी थोडी शोधाशोध हवीच. गावात घर बंद दिसलं की पार्सल किराणा दुकानात किंवा चौकातल्या पानठेल्यावर ठेवलं जातं आणि सांगायचं राहून जातं. कधी दिवसाचं काम पूर्ण दाखवण्यासाठी माणूस आधीच ‘डिलिव्हर्ड’ दाबतो आणि वस्तू दुसऱ्या दिवशी आणतो. आणखी एक ठिकाण हमखास तपासावं, ते म्हणजे ऑर्डरवरचा पत्ता. एकच खातं घरातले सगळे वापरतात, मुलगा पुण्यात असतो, आणि त्याने जपून ठेवलेल्या पत्त्यावर वडिलांचं पार्सल बिनबोभाट पोचतं.

पत्त्याच्या बाबतीत आसगावकरांनी जरा जास्तच दक्ष राहायला हवं. याच नावाचं गाव गोव्यात बार्देश तालुक्यातही आहे. अशा सारख्या नावांचा घोळ मिटावा म्हणूनच 15 ऑगस्ट 1972 पासून देशात पिनकोड सुरू झाला. तो ज्यांनी आखला ते श्रीराम भिकाजी वेलणकर कोकणातले, संस्कृतचे पंडित आणि केंद्राच्या दळणवळण खात्यातले अधिकारी. सहा आकड्यांतला पहिला आकडा देशाचा विभाग सांगतो, पहिले तीन मिळून टपालाचा जिल्हा ठरतो आणि शेवटचे तीन थेट वाटप करणाऱ्या टपाल कचेरीपर्यंत नेतात. पवनीकडचा पिनकोड 441 ने सुरू होतो, गोव्याचा 403 ने. त्यामुळे गाव, तालुका, जिल्हा आणि पिनकोड हे चारही पत्त्यावर असलेच पाहिजेत. ‘शाळेजवळ, आसगाव’ एवढ्याने भागत नाही.

शोधाशोध करायची म्हणजे आठवडाभर वाट बघत बसायचं, असं मात्र नाही. “दोन दिवस थांबा, येईल” असं फोनवरून सांगितलं जातं. थांबायला हरकत नाही, पण त्याच दिवशी तक्रार नोंदवून थांबावं. पार्सल आलं तर तक्रार मागे घेता येते. नाही आलं तर पहिल्या दिवशीची नोंद फार मोलाची ठरते.

“ओटीपी दिला नाही तर पार्सल परत जाईल” या धाकाला तर अनेक शहाणीसुरती माणसं बळी पडतात. फोन येतो, “दादा, मी चौकात आहे, ओटीपी सांगा, पार्सल दुकानात ठेवून देतो.” माणूस शेतात असतो, हात चिखलाचे असतात, तो आकडे सांगून मोकळा होतो. पण ओटीपी ही त्या व्यवहारातली सही आहे. वस्तू हातात येण्याआधी ती देणं म्हणजे कोऱ्या कागदावर सही करणं. वस्तू समोर नसेल तर “उद्या या” म्हणावं, नाहीतर घरच्या ज्या माणसाच्या हाती पार्सल पडणार त्यालाच तो ओटीपी कळवावा. आणि चुकून दिला गेलाच असेल, तरी सगळं संपत नाही. ज्या नंबरवरून फोन आला तो, फोनची वेळ आणि जिथे पार्सल ठेवल्याचं सांगितलं त्या दुकानदाराचं म्हणणं, हे सगळं तक्रारीत लिहावं. ओटीपी हा एक पुरावा आहे, त्याच्या विरुद्ध दुसरा पुरावा मांडता येतो.

मग सुरू होते टोलवाटोलवी. संकेतस्थळ म्हणतं विक्रेत्याला विचारा, विक्रेता म्हणतो कुरिअरला विचारा. ग्राहकाने या फेऱ्यात पडायचं कारण नाही. पैसे त्याने ज्या कंपनीच्या ॲपवर भरले, तिच्याकडेच तक्रार करायची. केंद्र सरकारचे ई-कॉमर्स नियम जुलै 2020 मध्ये लागू झाले. त्यांनुसार अशा प्रत्येक कंपनीला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो आणि त्याचं नाव व संपर्क जाहीर करावा लागतो. तक्रार मिळाल्याची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात करणं त्याच्यावर बंधनकारक आहे. विक्रेत्याचं नाव-पत्ता ग्राहकाला कळणं आणि तक्रारीला क्रमांक मिळणं, हेही नियमांत आहे. तो क्रमांक लिहून ठेवावा. फोनवर बोलण्यापेक्षा ई-मेल किंवा ॲपमधलं लेखी संभाषण बरं, कारण त्याचा स्क्रीनशॉट राहतो. पैसे कार्डाने भरले असतील तर बँकेकडेही ‘चार्जबॅक’ची, म्हणजे भरलेले पैसे परत वळवण्याची, मागणी करता येते, मात्र तिला मुदत असते.

“सात दिवसांची रिटर्नची मुदत उलटली, आता काही होणार नाही,” हेही खरं नाही. ती मुदत हाती आलेली वस्तू परत करण्याची असते. जी वस्तू आलीच नाही, ती परत कशी करणार? ग्राहक संरक्षण कायदा, 2019 प्रमाणे तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांपर्यंत ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

वैतागलेला माणूस इंटरनेटवर कस्टमर केअरचा नंबर शोधायला जातो, आणि खरा धोका तिथेच असतो. तिथे मिळणाऱ्या नंबरांपैकी काही थेट भामट्यांचे असतात. ‘परतावा देतो’ म्हणत ते क्यूआर कोड स्कॅन करायला किंवा यूपीआय पिन टाकायला लावतात. पैसे मिळवण्यासाठी पिन कधीच लागत नाही. ‘पत्ता अपुरा आहे, बारा तासांत लिंकवर माहिती भरा’ असे टपाल खात्याच्या नावाचे संदेशही बनावट असल्याचं सरकारने वेळोवेळी जाहीर केलं आहे. नंबर घ्यायचा तो ॲपमधूनच. पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर फोन करावा.

टपाल खात्याचं गणित वेगळं आहे, आणि खेड्यात ते ठाऊक असणं जास्त गरजेचं. स्पीड पोस्टने पाठवलेली वस्तू हरवली की तिची पूर्ण किंमत मिळते, अशी समजूत आहे, पण ती चुकीची आहे. 1898 च्या टपाल कायद्याने खात्याला जबाबदारीतून मोठी सूट दिली होती. 18 जून 2024 पासून लागू झालेल्या नव्या टपाल कायद्यातही तशी तरतूद आहे. विमा नसेल तर हरवलेल्या स्पीड पोस्टची भरपाई टपाल आकाराच्या दुप्पट किंवा 1000 रुपये, यांपैकी जी कमी असेल तेवढीच. तेव्हा नागपूरहून भाच्याला मोबाईल पाठवायचा असेल तर विमा उतरवूनच पाठवावा. ऑक्टोबर 2025 पासून पाच रुपये आणि जीएसटी एवढ्या जादा आकारात ओटीपी दाखवूनच वाटप होण्याची सोयही खात्याने दिली आहे. ती घेण्यासारखी आहे. तक्रारीसाठी 1800 266 6868 हा नंबर आहे, पण गावात आधी शाखा डाकपालांना भेटावं. निम्मी कोडी तिथेच सुटतात.

कंपनी बधलीच नाही तर? राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन 1915 वर मराठीतही तक्रार घेतली जाते आणि खटल्याआधी कंपनीशी बोलून मार्ग काढला जातो. तिथे काम झालं नाही तर ग्राहक आयोग. इथे लोक बिचकतात ते या समजुतीने की कंपनी बेंगळुरूची, म्हणजे खटलाही तिकडेच लढायचा. 2019 च्या कायद्याने ग्राहक जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाकडे दाद मागण्याचा हक्क दिला आहे. आसगावच्या माणसासाठी तो आयोग भंडाऱ्याला आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीसाठी शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, आणि 1 जानेवारी 2025 पासून सुरू झालेल्या ‘ई-जागृती’ पोर्टलवरून घरबसल्या तक्रार दाखल करता येते. स्टार्टर शेतीसाठी घेतला, मग शेतकरी ‘ग्राहक’ कसा, असा प्रश्न कुणी काढेल. स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू कायद्याने ग्राहकाचीच खरेदी ठरते. पुन्हा विकायला माल आणणाऱ्या दुकानदाराला मात्र हे दार बंद आहे.

राहिला प्रश्न पोलिसांचा. परताव्यासाठी एफआयआर लागतोच, असं ग्राहक कायद्यात कुठेही नाही. पार्सल कुणी लंपास केल्याचा ठोस पुरावा असेल, रक्कम मोठी असेल, तर तक्रार जरूर द्यावी. वाहतुकीसाठी सोपवलेला माल वाहून नेणाऱ्याने हडपला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम 316 नुसार सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. चुकून आपल्याकडे आलेलं दुसऱ्याचं पार्सल अप्रामाणिकपणे ठेवून घेणं हाही गुन्हाच. पण पुरावा नसताना पार्सल आणणाऱ्या पोरावर चोरीचा आळ घेऊ नका. चूक हबमध्ये, पत्त्यात किंवा दुसऱ्याच दारात झालेली असू शकते, आणि नोकरी मात्र त्याची जाते. जाब कंपनीला विचारा, लेखी विचारा आणि त्याच दिवशी विचारा.