एक्लेसिया, इगर्ज आणि मंडळी

मराठी प्रॉटेस्टंट ज्या समूहाला ‘मंडळी’ म्हणतात, कॅथलिक लेखनात ज्याला ‘ख्रिस्तसभा’ म्हणतात आणि गोव्यात ज्या वास्तूला ‘इगर्ज’ म्हणतात, त्या तिन्ही नावांच्या मागे ‘एक्लेसिया’ हा एकच ग्रीक शब्द उभा आहे. अथेन्स नगरीत राज्यकारभाराचे निर्णय घेण्यासाठी जमणाऱ्या नागरिकांच्या सभेला एक्लेसिया म्हणत. इसवी सनापूर्वी तिसऱ्या-दुसऱ्या शतकांत ज्यूंच्या हिब्रू धर्मग्रंथांचे ‘सेप्तुआजिंत’ या नावाने ओळखले जाणारे ग्रीक भाषांतर झाले, तेव्हा इस्राएल लोकांच्या मेळाव्यासाठी असलेल्या ‘काहाल’ या शब्दाला अनेक ठिकाणी हाच प्रतिशब्द देण्यात आला आणि तेथून तो नव्या करारात उतरला. त्या काळी ख्रिस्ती लोक कोणाच्या तरी घरी जमत असल्यामुळे या शब्दात माणसे होती, भिंती नव्हत्या.

भिंती पुढे आल्या. इ.स. 313 मध्ये रोमन साम्राज्यात ख्रिस्ती धर्माला मोकळीक मिळाल्यावर मोठमोठी उपासनागृहे उभी राहिली, आणि लॅटिनने जसाच्या तसा उचललेला हा शब्द पोर्तुगीजमध्ये ‘इग्रेजा’ व त्यावरून कोकणीत ‘इगर्ज’ होईपर्यंत मुख्यतः इमारतीचा वाचक बनला. ‘चर्च’ मात्र या कुळातला नव्हे. त्याचे मूळ ‘प्रभूचे’ या अर्थाच्या ‘कुरिआकोन’ या वेगळ्याच ग्रीक शब्दात आहे.

हा केवळ व्युत्पत्तीचा खेळ नव्हता. विल्यम टिंडेलने 1526 च्या आपल्या इंग्रजी नव्या करारात ‘चर्च’ टाळून ‘काँग्रिगेशन’, म्हणजे जमलेले लोक, हा शब्द योजला, तेव्हा कॅथलिक पंडित टॉमस मोरने त्यावर कडाडून टीका केली. कारण एक्लेसिया म्हणजे श्रद्धावंतांचा समुदाय असे एकदा मान्य केले, की पोप आणि धर्माधिकाऱ्यांच्या उतरंडीचा आधारच डळमळतो. चार शुभवर्तमानांपैकी हा शब्द एकट्या मत्तयाच्या शुभवर्तमानात, तेही सोळाव्या आणि अठराव्या या दोनच अध्यायांत येतो. आणि सोळाव्या अध्यायातील ‘तू पेत्र आहेस, आणि या खडकावर मी आपली मंडळी रचीन’ या ज्या वचनावर पोपपदाचा दावा उभा आहे, त्यातली कोटी मराठीत हरवते. अरामी भाषेत ‘केफा’ हे शिष्याचे नावही आहे आणि खडकही, ग्रीकमध्ये ‘पेत्रोस’ व ‘पेत्रा’ ही जोडी जुळते, पण मराठी वाचकापुढे ‘पेत्र’ आणि ‘खडक’ हे एकमेकांना अनोळखी शब्द येतात.

मराठीतील ‘मंडळी’ टिंडेलच्या बाजूची आहे. नाटक मंडळी, भजनी मंडळी, ‘घरची मंडळी’, इतकेच काय पण अदबीने पत्नीलाही लावला जाणारा हा घरगुती शब्द धर्मशास्त्रीय ओझे पेलेल का, अशी शंका येणे साहजिक आहे. तथापि माणसांवाचून ज्याला अर्थच नाही असा याहून चपखल प्रतिशब्द मराठीत सापडणे कठीण. शब्दयोजनेचा हा प्रश्न मराठीत जुनाच आहे. 1616 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘ख्रिस्तपुराणा’त फादर थॉमस स्टीफन्स यांनी स्वर्गासाठी निःसंकोचपणे ‘वैकुंठ’ म्हटले. हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबलचे भाषांतर करणाऱ्या पंडिता रमाबाईंनी मात्र हिंदू दैवतकल्पनांचा गंध येणारे शब्द कटाक्षाने टाळले.

सर्वांत चिवट वाद ‘बाप्तिस्मा’ या ख्रिस्ती दीक्षाविधीच्या नावाचा. ‘बाप्तिझेइन’ या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ बुडवणे. बंगालमधील श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मिशनऱ्यांच्या परंपरेतील भाषांतरकारांनी बंगाली नव्या करारात या क्रियापदाचा ‘बुडवणे’ असाच अनुवाद ठेवला, तेव्हा नुसते पाणी शिंपडण्याची रीत पाळणाऱ्या पंथांनाही सांभाळून घेणाऱ्या ब्रिटिश अँड फॉरेन बायबल सोसायटीने 1830 च्या दशकात त्या आवृत्तीला साहाय्य नाकारले, आणि बाप्टिस्टांनी 1840 मध्ये स्वतःची वेगळी संस्था काढली. मराठी प्रॉटेस्टंट बायबलांनी अनुवादाच्या भानगडीत न पडता मूळ शब्दच ठेवल्याने संपूर्ण शरीर पाण्याखाली गेले पाहिजे असा आग्रह धरणारा बाप्टिस्टही मराठीत ‘बाप्तिस्मा’च वाचतो, उलट कॅथलिक मराठीत या विधीचे रूढ नाव ‘स्नानसंस्कार’ असे आहे, जरी तेथे बहुधा तान्ह्या बाळाच्या कपाळावर तीनदा थोडेसे पाणी ओतले जाते.